प्रवाळाच्या घरचा वाटेकरी



पोवळे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. आजीच्या माळेत सोन्याच्या मण्यांमध्ये ओवलेला लाल मणी, नाहीतर कुणाच्या अंगठीतला लाल खडा, ते पोवळे. आपण त्याला खडा म्हणतो खरे, पण तो कोणत्या खाणीतून निघालेला नसतो. समुद्रात राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याने पाण्यातला चुना शोषून घेऊन उभारलेला तो सांगाडा असतो. दागिन्यातले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते आणि ते खोल, अंधुक पाण्यात वाढते. आज मात्र मी तुम्हाला त्याच्या भाऊबंदांची हकीकत सांगणार आहे. हे भाऊबंद उबदार, उथळ आणि लख्ख उजेडाच्या समुद्रात राहतात आणि पाण्याखाली डोंगरच्या डोंगर उभे करतात. त्यांना आपण प्रवाळ म्हणू.

शाळेच्या भूगोलात मुलांना 'प्रवाळकीटक' असा शब्द शिकवतात. हा प्राणी कीटक मात्र नाही. एक इवलीशी पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या मिशा, एवढेच त्याचे रूप. बहुतेकांचा आकार ज्वारीच्या दाण्याच्या आसपास. एकाला एक चिकटून असे हजारो प्राणी राहतात आणि बुडाशी चुन्याचा थर रचत जातात. जुने मरतात, त्यांच्या सांगाड्यावर नवे बसतात. असे हजारो वर्षे चालले म्हणजे प्रवाळखडक तयार होतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागून असलेली अशी रांग सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे. आपल्या लक्षद्वीपची बेटे तर सगळीच्या सगळी प्रवाळाने घडवलेली आहेत. जगातल्या समुद्रतळाच्या एक टक्काही जागा हे खडक व्यापत नाहीत. तरी समुद्रातल्या जीवजातींपैकी जवळपास चौथा हिस्सा त्यांच्या आधाराने जगतो.

आता प्रश्न असा, की ज्वारीच्या दाण्याएवढा हा प्राणी एवढे बांधकाम करतो कशाच्या बळावर? ज्या उबदार समुद्रात तो राहतो तिथले निळे पाणी दिसायला देखणे, पण अन्नाच्या दृष्टीने मुरमाड माळरानासारखे असते. त्यात खाण्याजोगे फार थोडे. या कोड्याचे उत्तर म्हणजे प्रवाळाच्या घरात राहणारा एक वाटेकरी.

बटईचा करार

दोन जिवांनी मिळून संसार करण्याची उदाहरणे तुमच्या घरात आणि शिवारात आहेतच. गोड्या मसाल्यात घरच्या बाया दगडफूल घालतात. ते फूल नव्हे, हे तुम्ही जाणता. पण ती एक वनस्पतीही नव्हे. ती बुरशी आणि शेवाळ यांची जोडी आहे. बुरशी घर आणि ओलावा देते, शेवाळ उन्हावर अन्न बनवते, आणि दोघे मिळून उघड्या दगडावर जगतात. दुसरे उदाहरण हरभऱ्याचे आणि भुईमुगाचे. मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात आणि पीक त्यांना साखर पुरवते. बियाण्याला जिवाणू खत चोळतो ते याच कारणासाठी.

प्रवाळाचे तसेच आहे. त्याच्या मांसात, अगदी पेशींच्या आत, एक सूक्ष्म शेवाळ वस्तीला असते. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत या शेवाळाच्या दहा लाखांहून अधिक पेशी मावतात. करार बटईचा समजा. प्रवाळ जागा देतो, संरक्षण देतो, आणि स्वतःच्या शरीरातून टाकाऊ म्हणून निघणारा कर्बवायू व नत्र खत म्हणून देतो. शेवाळ उन्हावर साखर बनवते आणि त्यातला मोठा हिस्सा मालकाच्या पदरात टाकते. हा वाटा काही थोडाथोडका नसतो. प्रवाळाला लागणाऱ्या शक्तीपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत शक्ती या वाट्यातून मिळू शकते. चुन्याचा खडक उभा राहतो तो याच कमाईवर.

करारातली एक खुबी मात्र ध्यानात ठेवा, ती पुढे उपयोगी पडेल. प्रवाळ शेवाळाला नत्र अगदी मोजून मापून देतो. नत्र कमी मिळाला की शेवाळाला आपली प्रजा फार वाढवता येत नाही, म्हणून बनवलेली साखर शिल्लक उरते, आणि ती मालकाकडे येते. खत हातात ठेवून मालक वाटेकऱ्याला ताब्यात ठेवतो, असे म्हणा ना.

प्रवाळाचे तपकिरी, हिरवट, पिवळसर रंग बहुतांशी या शेवाळाचेच. प्रवाळाचे स्वतःचे मांस जवळपास पारदर्शक असते.

उन्हाळा वाढला की

हा करार लाखो वर्षे चालत आला. पण त्याला एक नाजूक जागा आहे, आणि ती उष्णतेची. प्रत्येक ठिकाणचा प्रवाळ तिथल्या नेहमीच्या उन्हाळ्याला सरावलेला असतो. त्या जागच्या सर्वांत उष्ण महिन्याची जी सरासरी, तिच्यापेक्षा पाणी फक्त एक अंश सेल्सिअसने जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, की गडबड सुरू होते. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण माणसाच्या अंगाची उष्णता दोन अंशांनी वाढली तर आपण अंथरूण धरतो की नाही?

घडते ते असे. फार उष्णतेत शेवाळाचे अन्न बनवण्याचे यंत्र बिघडते. वरून ऊन तर पडतच असते. त्या उन्हाची शक्ती साखरेत घालता येत नाही, मग तिच्यापासून प्राणवायूची विषारी रूपे तयार होतात. ती शेवाळाला जाळतात आणि मालकाच्या पेशींनाही जाळतात. कालपर्यंत घर पोसणारा वाटेकरी आज घरात विष कालवू लागतो. शेवटी प्रवाळ त्याला घराबाहेर काढतो. शेवाळ गेले की रंग गेला. पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा सांगाडा पांढराफटक दिसू लागतो. याला प्रवाळ 'विरंजन' पावला असे पुस्तकात म्हणतात. आपण पांढरा पडला असे म्हणू.

पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, हे नीट समजून घ्या. तो उपाशी असतो. पाणी लवकर निवळले तर शेवाळ पुन्हा वस्तीला येते आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत रंग परततो. उष्णता लांबली तर मात्र तो उपासमारीने मरतो आणि त्याच्या सांगाड्यावर रानटी शेवाळाची चादर चढते. अमेरिकेची समुद्र आणि हवामान पाहणारी सरकारी संस्था उपग्रहाच्या साहाय्याने याचा हिशेब ठेवते. किती अंश जास्त आणि किती आठवडे, यांचा मेळ घालतात. एक अंश जास्त चार आठवडे टिकले तर आकडा चार होतो, आणि प्रवाळ पांढरा पडण्याची भीती निर्माण होते. आकडा आठाच्या वर गेला की मरतूक धरून चालावे लागते.

१९८२-८३ साली प्रशांत महासागराचे पाणी एल निनोमुळे फार तापले, तेव्हा पनामाच्या किनाऱ्यावर पीटर ग्लिन या शास्त्रज्ञाने मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडून मरताना पाहिले आणि त्याचा संबंध तापलेल्या पाण्याशी जोडला. पुढे १९९८ साली जगभर असे झाले. मग २०१० साली, मग २०१४ ते २०१७ या काळात, आणि चौथ्यांदा २०२३ पासून. पांढरे पडण्याइतकी उष्णता पहिल्या वेळी जगातल्या सुमारे २१ टक्के प्रवाळक्षेत्राला लागली होती, दुसऱ्या वेळी ३७ टक्क्यांना, तिसऱ्या वेळी ६८ टक्क्यांना, आणि चौथ्या वेळी, २०२५ पर्यंतच्या मोजणीत, ८४ टक्क्यांना. आकड्यांचा चढ तुम्हीच पाहा.

वाटेकरी बदलता येतो का?

सगळे प्रवाळ मात्र सारखे मरत नाहीत. एकाच खडकावर, एकाच पाण्यात, एक पांढरा पडतो आणि शेजारचा तसाच रंगीत राहतो. शेतात पावसाने ओढ दिली की एक ताटे कोमेजते आणि शेजारचे तग धरते, तसेच. याचे कारण शोधताना शास्त्रज्ञांना कळले की ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणत होतो त्याच्या पुष्कळ जाती आहेत. बऱ्याच वर्षांपर्यंत त्यांना ए, बी, सी, डी अशा अक्षरांनीच ओळखत. २०१८ साली त्यांना स्वतंत्र नावे मिळाली. त्यांतल्या 'डी'चे नाव ड्युरसडिनियम. लॅटिन भाषेत ड्युरस म्हणजे टणक, कणखर. नाव गुणावरून पडले आहे, कारण या गटातल्या काही जाती उष्णता चांगली सोसतात.

ऑस्ट्रेलियातले रे बर्कलमन्स आणि मॅडेलिन व्हॅन ओपेन या दोन शास्त्रज्ञांनी एक सरळ प्रयोग केला. केपल बेटांजवळचे प्रवाळ त्यांनी उत्तरेकडे, जास्त उष्ण असलेल्या मॅग्नेटिक बेटापाशी नेऊन लावले. रोपे एका वावरातून दुसऱ्या वावरात लावतो तसे. नेले तेव्हा त्यांच्यात 'सी' जातीचे शेवाळ होते. उन्हाळा आला, पाणी तापले, बरेच प्रवाळ पांढरे पडले, काही मेले. जे वाचले ते तपासले तेव्हा त्यांच्यात 'डी' जातीचे शेवाळ बहुसंख्य झालेले आढळले, आणि त्यांची उष्णता सोसण्याची ताकद एक ते दीड अंशाने वाढली होती. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याच २००६ साली केपल बेटांजवळच समुद्र तापला आणि निसर्गानेच तो प्रयोग पुन्हा करून दाखवला. शास्त्रज्ञांनी तिथल्या प्रवाळांना आधीच खुणा करून ठेवल्या होत्या. तापण्यापूर्वी त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवाळांत नाजूक 'सी' जात होती. ती असलेल्यांपैकी ३७ टक्के मेले. 'डी' असलेल्यांपैकी मेले फक्त ८ टक्के. आणि जे नाजूक जातीचे असूनही वाचले, त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्क्यांत नंतर कणखर जाती वरचढ झालेल्या दिसल्या.

हा नवा वाटेकरी आला कुठून? बहुतेक वेळा तो आधीपासून घराच्या कोपऱ्यात होताच, मूठभर संख्येने. मुख्य वाटेकरी निघून गेला, जागा रिकामी झाली, आणि कोपऱ्यातल्याने पसरायला सुरुवात केली. कधी तो समुद्राच्या पाण्यातूनही येतो. पुष्कळ जातींच्या प्रवाळांची पिले जन्मतः शेवाळाशिवाय असतात आणि पाण्यातून आपला वाटेकरी निवडतात. काही जातींत मात्र आईच अंड्यातून पिलाला शेवाळ देते. म्हणजे काहींचे बियाणे घरचे, काहींचे बाहेरचे.

प्रशांत महासागराच्या मध्यावर किरितिमाती नावाचे बेट आहे. तिथे २०१५-१६ साली समुद्र सलग सुमारे दहा महिने तापलेला राहिला. त्या बेटाभोवतालचे बहुतेक प्रवाळ मेले. पण काही प्रवाळांनी असे काही केले, की पाहणारे चकित झाले. ते पांढरे पडले, आणि पाणी अजून तापलेलेच असताना पुन्हा रंगावर आले. त्यांनी नाजूक शेवाळ जाऊ देऊन कणखर शेवाळ घरात वाढवले होते. तोपर्यंत सगळ्यांची समजूत अशी, की पाणी निवळल्याखेरीज प्रवाळ सावरत नाही. आणखी एक गोष्ट तिथे दिसली. असे सावरणारे प्रवाळ माणसांच्या वस्तीपासून दूरच्या, स्वच्छ पाण्यातले होते.

पर्शियाच्या आखातात तर उन्हाळ्यात पाणी ३४-३५ अंशांपर्यंत तापते. दुसरीकडचा प्रवाळ तेवढ्यात मरेल, पण तिथला जगतो. तिथे बहुतेकांच्या घरी उष्णतेला सरावलेली शेवाळाची एक वेगळीच जात राहते, असे २०१५ साली कळले.

कणखरपणाची किंमत

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग चिंता कसली? सगळ्या प्रवाळांनी कणखर वाटेकरी धरावा, म्हणजे झाले. पण शेतकऱ्याला या म्हणण्यातली खोच लगेच कळेल. सगळ्या बाबतीत सरस असे बियाणे तुम्ही कधी पाहिले आहे काय? पाण्याची सोय असेल तर संकरित वाण भरभरून उतारा देतो. कोरडवाहू रब्बीला मात्र आपण मालदांडी धरतो, कारण ती ओढ सोसते. चांगल्या साली तिचा उतारा कमी येतो, हे ठाऊक असूनही धरतो.

प्रवाळाचा हिशेब तसाच निघाला. कणखर 'डी' शेवाळ मालकाच्या पदरात कमी साखर टाकते. त्याच केपल बेटांजवळच्या प्रवाळांवर केलेल्या मोजणीत 'डी' धरलेल्यांची वाढ 'सी' धरलेल्यांपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी भरली. अंगातला चरबीचा साठा कमी, अंडीही लहान. म्हणजे वाचलेला प्रवाळ जिवंत आहे, पण तो हळू बांधतो आणि त्याची पुढची पिढी अशक्त निघण्याचा धोका आहे. लाटा आणि वादळे खडक झिजवतच असतात. बांधण्याचा वेग झिजेच्या खाली गेला तर जिवंत प्रवाळ असूनही खडक खचत जातो.

म्हणूनच की काय, पाणी काही वर्षे नेहमीसारखे राहिले तर कितीतरी प्रवाळ जुन्या, जास्त पिकवणाऱ्या वाटेकऱ्याकडे परत जातात. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९९७-९८ च्या तापानंतर असा बदल होताना दिसला. चांगल्या काळात चांगल्या उताऱ्याचे, वाईट काळात टिकाऊ. हा व्यवहार शहाणपणाचा आहे, पण त्याला एक अट आहे. दोन वाईट काळांच्या मध्ये चांगला काळ यावा लागतो.

नेमके तिथेच घोडे पेंड खाते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते सांगतील, की त्याच्या आधीची दोन वर्षेही बऱ्याच भागांत ओढीचीच गेली होती. एका साली कणगीतले संपते, दुसऱ्या साली जनावरे विकली जातात, तिसऱ्या साली विकायला काही उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या त्या मोठ्या प्रवाळरांगेवर १९९८ आणि २००२ साली पांढरे पडण्याची साथ आली. त्यानंतर चौदा वर्षांची उसंत मिळाली. मग मात्र २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ अशी रांगच लागली. जलद वाढणाऱ्या प्रवाळांनाही उद्ध्वस्त खडक पुन्हा भरून काढायला दहा-एक वर्षे लागतात. एवढी उसंत आता मिळत नाही.

आणि सगळ्यांनाच वाटेकरी बदलता येतो असेही नाही. कित्येक प्रवाळ एकाच जातीच्या शेवाळाशी बांधलेले असतात. ते दुसऱ्याला घरात घेत नाहीत. इतर काही वेगळ्या वाटा काढतात. हवाई बेटांजवळची एक जात पांढरी पडली की मिशांनी पाण्यातले सूक्ष्म जीव जास्त पकडून पोट भरते. काही प्रवाळ गुलाबी, जांभळे, गडद रंग अंगात वाढवतात. ते रंग उन्हाला छत्रीसारखे अडवतात. मॅडेलिन व्हॅन ओपेन यांच्या गटाने प्रयोगशाळेत शेवाळाला चार वर्षे ३१ अंशांच्या पाण्यात वाढवले, आणि त्यातून निघालेले काही वाण प्रवाळाच्या पिलांना उष्णता सोसायला मदत करतात, असे २०२० साली दाखवले. आपल्याकडे कृषी विद्यापीठे अवर्षण सोसणारे वाण काढतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र प्रयोगशाळेतल्या टाकीपासून २,३०० किलोमीटरच्या रांगेपर्यंतची वाट फार लांब आहे.

तर या सगळ्याचा मथितार्थ असा. वाटेकरी बदलून प्रवाळाला एक-दीड अंशाची सवलत मिळते आणि थोडी वर्षे मिळतात. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१८ साली म्हटले, की पृथ्वीची उष्णता दीड अंशाने वाढली तर आजच्या प्रवाळांपैकी ७० ते ९० टक्के नाहीसे होतील, आणि दोन अंशांनी वाढली तर जवळपास सगळेच. सवलत किती आणि मागणी किती, याचा मेळ घातला म्हणजे वाटेकरी बदलणे हा कायमचा उपाय नव्हे, हे उघड दिसते.

आपल्या समुद्रात

लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि २०२४ साली पुन्हा. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे १९९८ पासून नोंदी ठेवत आहेत. चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळाने व्यापलेली जागा सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आली. म्हणजे जवळजवळ निम्मी झाली. ही बेटे समुद्रसपाटीपासून थोडीच वर आहेत. प्रवाळखडक हाच त्यांचा बांध. लाटेचा जोर तो आधी आपल्या अंगावर घेतो. बांध फुटला की वावराचे काय होते, हे तुम्हाला निराळे सांगायला नको.

महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात ते आहेत, आणि १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, समुद्रात बुडालेले एक मोठे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथेही प्रवाळांची मोठी वस्ती आहे. मालवणचे प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गेल्या दशकात केल्या आहेत.

शेताचा यात काय संबंध?

समुद्र तापतो तो मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या कर्बवायूमुळे. ते थांबवणे एका घरच्या हातात नाही. पण दुसरी एक गोष्ट आहे, आणि तिचा संबंध थेट शेताशी येतो. मघाशी मी करारातली खुबी ध्यानात ठेवायला सांगितली होती. प्रवाळ शेवाळाला नत्र मोजून देतो, म्हणून शेवाळ आपल्या मर्यादेत राहते. आता समजा, नदीच्या पाण्याबरोबर शेतातला युरियाच समुद्रात उतरला. वाटेकऱ्याला बाहेरून फुकट खत मिळाले. तो आपली प्रजा वाढवत सुटतो, साखर स्वतःसाठी ठेवतो आणि मालकाच्या वाट्याला कमी देतो. त्यात उष्णता वाढली की जास्त शेवाळ म्हणजे जास्त विष. नत्र वाढलेल्या पाण्यातला प्रवाळ कमी उष्णतेतही पांढरा पडू शकतो, असे अभ्यासकांना दिसून आले आहे. वाहून आलेली माती तर उजेडच अडवते.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात समुद्रकाठाने मैलोन्‌मैल ऊस आहे. तिथल्या शेतातले नत्र नद्यांवाटे प्रवाळरांगेकडे जाते, म्हणून तिथे खताचा हिशेब कडक झाला. माती तपासून, पिकाला लागेल तेवढेच खत द्यायचे. पुष्कळ शेतकऱ्यांनी ऊस तोडण्याआधी जाळण्याची चाल सोडली आणि पाचट शेतातच पसरू लागले. त्यामुळे माती धुपायची थांबली, ओल टिकली. पाचटाचे आच्छादन आपल्या ऊसवाल्यांना नवे नाही. एका हप्त्यात युरियाची पोती ओतण्याऐवजी हप्ते पाडून द्यावीत, हेही आपले कृषी सहायक सांगतच असतात. वाहून गेलेले खत हे आधी आपल्याच खिशातून गेलेले असते. कोकणातल्या बंधूंना तर त्याचा रस्ता समोर दिसतो. पावसाळ्यात लाल पाणी वहाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते.

सुट्टीत मुलाबाळांना घेऊन मालवणला गेलात आणि होडीवाल्याने पाण्याखाली प्रवाळ दाखवले, तर दोन पथ्ये पाळा. त्यांच्यावर पाय देऊ नका, आणि आठवण म्हणून तुकडा तोडू नका. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. होडीवाल्यालाही नांगर प्रवाळावर टाकू नकोस, वाळूवर टाक, असे सांगायला संकोच करू नका.

आणि ज्यांना समुद्र दूर आहे त्यांनी घरच्या घरी ही भागीदारी पाहावी. हरभरा फुलावर येण्याच्या सुमारास एक झाड हलक्या हाताने, मातीसकट खणून काढा. मुळे बादलीतल्या पाण्यात धुवा. त्यांवर गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडून मुलांना दाखवा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर जिवाणू कामाला लागलेले आहेत. आत हिरवट किंवा तपकिरी असेल तर भागीदारी थकली आहे. मग जिथे युरिया जास्त पडला आहे अशा जागचे एक झाड उपटा आणि त्याच्या गाठी मोजा. त्या कमी दिसतील. फुकटचे खत मिळाले की पीकही आपल्या वाटेकऱ्याला विचारीनासे होते. समुद्रात प्रवाळाच्या घरी काय बिघडते, ते मुलांना मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.